सोबत, सोहबत आणि कॉन्व्हर्सेशन

नववीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर मी एकाखाली एक शब्द लिहिले होते : टॉक, स्पीच, कॉन्व्हर्सेशन, डायलॉग, डिस्कशन, डिबेट, इंटरव्ह्यू, कॉन्फरन्स. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, बात तो एकही है, फिर इतने लफ्ज किस लिए?" वर्ग हसला, मीही हसले. 'टॉक' हा घरातला शब्द, बाकीचे बाहेर वापरायचे, असे परीक्षेपुरते उत्तर देऊन मी पुढच्या धड्याकडे वळले. पण घरी आल्यावर तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. घरातला शब्द एक आणि बाहेरचे इतके, असे का व्हावे? ते बाहेरचे शब्द कोणाच्या घरातून आले? कोश उघडून बसले, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न जितका इंग्रजांचा आहे, तितकाच आपलाही आहे.

इंग्रजीच्या या श्रीमंतीची सुरुवात एका पराभवातून होते. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे त्या देशात राजा, सरदार आणि न्यायाधीश यांची भाषा फ्रेंच होती, धर्मगुरू आणि विद्वान यांची लॅटिन. शेतकरी, धनगर, लोहार मात्र आपली जुनी इंग्रजी बोलत राहिले. मेंढ्या राखणारा धनगर त्यांना 'शीप' म्हणत होता. त्याच मेंढीचे मांस ज्याच्या ताटात पडे, तो तिला फ्रेंचमध्ये 'मुतों' म्हणत होता. आपण रविवारी आणतो ते 'मटण' या दुसऱ्या शब्दाचे वंशज.

जे मांसाचे झाले, तेच बोलण्याचे झाले. स्पीक, से, टेल, टॉक, आन्सर हे शब्द त्या मातीतले. 'टेल'चा मूळ अर्थ मोजणे. बँकेतल्या 'टेलर'मध्ये तो अजून शिल्लक आहे. 'आन्सर' म्हणजे समोरच्याच्या आरोपाविरुद्ध शपथेवर बोलणे. साधी माणसे साध्या शब्दांत असे बोलत होती. पण राजासमोर उभे राहायचे, न्यायालयात बाजू मांडायची, तह करायचा म्हटले की जीभ बदलावी लागे. म्हणून औपचारिक बोलण्याचे शब्द राज्यकर्त्यांच्या घरातून आले. या काळात सामान्य इंग्रजाची अवस्था काय झाली असेल, हे १३६२ च्या एका कायद्यावरून दिसते. न्यायालयातली फ्रेंच लोकांना समजत नाही, आपल्या बाजूने किंवा विरोधात काय बोलले जाते आहे हेच त्यांना कळत नाही, म्हणून यापुढे कामकाज इंग्रजीत चालावे, असे त्या कायद्याने ठरवले. गंमत अशी की खुद्द हा कायदा फ्रेंचमध्ये लिहिला गेला!

'पार्लमेंट' हा शब्द याच काळातला. फ्रेंच 'पार्ले' म्हणजे बोलणे. जिथे बोलायचे ती पार्लमेंट. १२६५ मध्ये सिमॉन द माँफर्ट याने बोलावलेल्या पार्लमेंटमध्ये सरदार आणि धर्मगुरूंबरोबर शहरांचे प्रतिनिधीही बसले. पुढे सभागृहाच्या वतीने राजाशी बोलण्यासाठी एक माणूस नेमला जाऊ लागला. १३७७ मध्ये सर टॉमस हंगरफर्ड यांना 'स्पीकर' ही पदवी मिळाल्याची नोंद आहे. फ्रेंच नावाच्या घरात अस्सल इंग्रजी नावाचा माणूस बोलायला उभा राहिला. दोन भाषांचे भांडण मिटत आल्याची ही एक खूण मानायला हरकत नाही.

या 'पार्ले'चे मूळ आणखी मागे जाते. ग्रीक 'पाराबोले' म्हणजे एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवणे, तुलना, दृष्टान्त. हजरत ईसा लोकांना दृष्टान्त देऊन समजावीत, त्या दृष्टान्तांसाठी हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि हळूहळू नुसत्या बोलण्यालाच लागू झाला. त्याच घराण्यातला पोर्तुगीज शब्द 'पालाव्रा', म्हणजे शब्द. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज खलाशी तिथल्या लोकांशी बोलणी करत, त्यासाठी हा शब्द वापरत. तो इंग्रज खलाशांनी उचलला, त्याचे 'पलॅव्हर' झाले आणि अर्थ उरला तो रिकामी बडबड. एकाच आईच्या दोन लेकी : एक पार्लमेंट झाली, दुसरी बडबड. राज्यकर्ते बोलले तर संसद आणि आफ्रिकेतला माणूस बोलला तर बडबड, हा भेद शब्दांनीही पाळला.

आता 'कॉन्व्हर्सेशन'कडे येते, कारण याच शब्दाने मला सर्वांत जास्त चकवले. लॅटिनमध्ये 'कॉन्व्हर्सारी' म्हणजे एकत्र राहणे, कोणाच्या संगतीत वावरणे. चौदाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा बोलण्याशी खास संबंध नव्हता. माणूस कोणात राहतो, कसा वागतो, ते त्याचे 'कॉन्व्हर्सेशन'. १६११ मध्ये राजा जेम्सच्या आश्रयाखाली बायबलचे जे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्यात हा शब्द वर्तणूक या अर्थाने येतो. इंग्लंडच्या कायद्यात परस्त्रीशी ठेवलेल्या संबंधाला 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' म्हणत आणि तो दावा १८५७ पर्यंत चालू होता. बोलण्याचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत तोच मुख्य होऊन बसतो.

हे वाचताना मी थबकले. कारण हाच प्रवास मला दुसऱ्या एका शब्दात माहीत होता. अरबीत साद-हे-बे या धातूपासून 'सुहबत' हा शब्द होतो : संगत, सहवास. ज्यांना पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांची संगत लाभली ते सहाबा. ज्याची संगत धरावी, जो मालक असावा तो साहिब, म्हणजे आपला 'साहेब'. हाच 'सुहबत' फारसीत गेला आणि त्याचा अर्थ बोलणे झाला. इराणी माणूस आज 'सोहबत कर्दन' म्हणतो ते बोलण्याला. तुर्कीत 'सोहबेत' म्हणजे गप्पागोष्टी. उर्दूत सोहबत म्हणजे संगत. आणि मराठीत? मराठीत तो 'सोबत' झाला. "जरा सोबत चल गं" म्हणणाऱ्या खेड्यातल्या आजीच्या तोंडी तो इतका मुरला आहे की तो अरबस्तानातून आला, हे सांगितल्यावर लोक आश्चर्याने बघतात.

लॅटिन बोलणाऱ्यांनी आणि अरबी बोलणाऱ्यांनी एकमेकांना विचारून हे ठरवले नव्हते. तरीही दोन्हीकडे संगतीच्या शब्दातून संभाषणाचा शब्द निघाला. आधी माणसे एकत्र राहिली, मग बोलली. सूफींना हे ठाऊक होते. मुरीद पीराच्या सोहबतीत बसे, तेव्हा ऐकण्याइतकेच बसण्यालाही महत्त्व असे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतली बोलणी कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवली. तो ग्रंथ म्हणजे 'फवाइदुल फुआद'. हे अमीर हसन पुढे दौलताबादेस आले आणि आपल्या खुलताबादेत त्यांची कबर आहे. इंग्रज लोक बॉस्वेलने लिहिलेल्या डॉ. जॉन्सनच्या चरित्राचे कौतुक करतात, कारण त्यात एका थोर माणसाचे बोलणे जसेच्या तसे सापडते. ते चरित्र १७९१ चे. जॉन्सनसारख्यांच्या गप्पा ज्या कॉफीगृहांच्या परंपरेत वाढल्या, तिथले पेयही 'कहवा', येमेनच्या सूफींच्या रात्रजागरणातून तुर्कस्तानमार्गे गेलेले. लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ च्या सुमारास निघाले. तिथे माणसे इतकी मोकळेपणी बोलू लागली की दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि आरडाओरड होताच जानेवारीत तो मागे घेतला. माणसे एकत्र बसली की बोलतात, हे त्या राजालाही कळून चुकले होते.

शब्दांचेही माणसांसारखे नशीब असते, ते वर चढतात, खाली येतात. 'डिबेट'चा जुना फ्रेंच अर्थ मारामारी. आज शाळेत तिच्यासाठी ढाल मिळते. 'डिस्कशन' म्हणजे मुळात झटकून, हलवून मोकळे करणे. 'डायलॉग'मधल्या 'डाय'ला पुष्कळ जण दोन समजतात, पण ग्रीक 'दिआ' म्हणजे मधून, आरपार. शब्दांच्या मधून अर्थापर्यंत जाणे तो डायलॉग. आमच्याकडे उलट घडले. अरबीत 'हुज्जत' म्हणजे पुरावा, सबळ युक्तिवाद. इमाम गझालींना 'हुज्जतुल इस्लाम' म्हणतात ते याच अर्थाने. मराठीत मात्र हुज्जत घालणारा म्हणजे भांडकुदळ. 'तकरार' म्हणजे अरबीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. उर्दूत ते भांडण झाले आणि मराठीत 'तक्रार'. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्याशिवाय तक्रारीचे काही होत नाही, हा अनुभव असल्यामुळे हा अर्थबदल मला फार पटतो.

'इंटरव्ह्यू'ची कथाही अशीच. फ्रेंच 'आंत्रव्ह्यू' म्हणजे एकमेकांना पाहणे. आधी तो दोन राजांच्या समारंभपूर्वक भेटीसाठी वापरला जाई. वर्तमानपत्रांनी एकोणिसाव्या शतकात त्याला प्रश्नोत्तरांचा अर्थ दिला. मराठीने त्यासाठी कोणता शब्द निवडावा? 'मुलाखत'! अरबी 'मुलाकात', म्हणजे भेट. माझ्या वर्गातली मुले मराठी वर्तमानपत्रात 'मंत्र्यांची मुलाखत' वाचतात आणि विचारतात, "टीचर, मिले तो क्या बोले, वो कहाँ लिखा है?" उर्दूत आम्ही मुलाकात भेटीसाठी ठेवली आणि प्रश्नोत्तरांसाठी इंटरव्ह्यू घेतला. मराठीने आमचाच शब्द घेऊन त्याला नव्या कामाला लावले.

इंग्रज जेव्हा आपल्या देशात आले, तेव्हा त्यांची बोलण्याची अडचण काही कमी नव्हती. विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढच्या वर्षी आग्र्याला पोचला. त्याला तुर्की येत होती आणि जहांगीर बादशहालाही ती येत होती. दुभाष्यावाचून दोघे बोलू शकले आणि बादशहाची त्याच्यावर मर्जी बसली. त्यानंतर आलेला सर टॉमस रो हा राजदूत मोठा मानी, पण त्याला ना फारसी येत होती ना तुर्की. दुभाषे बादशहाला आवडेल तेवढेच सांगतात, माझे बोलणे पोचवत नाहीत, असे रडगाणे त्याच्या रोजनिशीत आहे. त्याच रोजनिशीत 'दरबार' आहे आणि बादशहाची खासगी बैठक जिथे भरे तो 'गुसलखाना'ही आहे, पण असा मोडलेला की ओळखू येऊ नये. गुप्त विचारविनिमयासाठी रायगडावरही एक जागा आहे, तिचे नाव खलबतखाना. 'खल्वत' म्हणजे एकांत. सूफी एकांतात अल्लाहचे नाव घेत, कारभारी एकांतात मसलत करत. मराठीत 'खलबते' तेवढी राहिली.

रायगडाचेच आणखी एक दृश्य. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील आला होता. त्याच्याबरोबर दुभाषी होता नारायण शेणवी. गर्दीत दूर उभे असताना शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तिची चमक महाराजांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी दोघांना जवळ बोलावले. त्या दिवशी इंग्रजांचे पहिले बोलणे शब्दांवाचून, हिऱ्याच्या चमकेने झाले. अशा दुभाष्यांवर कंपनीचे सारे राजकारण चालले. मद्रासकडे त्यांना 'दुबाश' म्हणत. पश्चिम आशियात युरोपीय लोक 'ड्रॅगोमन' म्हणत, जो आपला 'तर्जुमान' आहे. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो जाडजूड कोश छापला, त्यात 'गप' आहे, 'दरबार' आहे, 'बकना'वरून आलेला 'बक'ही आहे. कोशाचे नावच 'हॉब्सन-जॉब्सन', म्हणजे मुहर्रमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांना जशी ऐकू आली तशी!

मग प्रश्न येतो शुद्धतेचा. राज्य आपले झाले तर कारभाराची भाषाही आपली असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' झाला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इंग्लंडातही हे झाले. सोळाव्या शतकात सर जॉन चीक यांना इंग्रजी भेसळीवाचून हवी होती. १८७८ मध्ये विल्यम बार्न्स यांनी व्याकरणाला 'ग्रामर' न म्हणता 'स्पीचक्राफ्ट' म्हणावे, असे पुस्तकच लिहिले. मराठीत विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिने दिलेले दिनांक, महापौर असे काही शब्द रुळले आणि ते चांगलेच आहेत. पण 'दिनांक' आला म्हणून 'तारीख' गेली नाही. 'ग्रामर'ही गेले नाही. १९२५ मध्ये माधवराव पटवर्धनांनी, म्हणजेच कवी माधव जूलियनांनी, 'फार्सी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. मराठीने किती घेतले आणि किती पचवले, ते त्यात बघावे.

हे सारे मी का सांगते आहे? काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईबरोबर एका कचेरीत गेले होते. मुलाच्या दाखल्यातली चूक दुरुस्त करायची होती. ती बिचारी आपल्या बोलीत म्हणाली, "साब, अर्ज मंजूर करो, मुदत खतम हो री." समोरून आवाज आला, "इथं मराठीत बोला. तुमची भाषा इथं नाही चालायची." ती गप्प झाली. अर्ज, मंजूर, मुदत. तिचे तिन्ही शब्द त्या कचेरीतल्या प्रत्येक कागदावर छापलेले होते. दाखला, मजकूर, खुलासा, हरकत, शिफारस, सही आणि शिक्का हेही. तिचे शब्द तिथे नांदत होते, तिला तेवढी जागा नव्हती. मराठी शिकलीच पाहिजे, यात मला शंका नाही. मी स्वतः मराठीत लिहिते आहे. पण त्या दिवशी तिला कोणी सांगितले असते, की बाई, तुम्ही अर्धी मराठीच बोलत आहात, तर उरलेली अर्धी बोलायला तिची जीभ धजली असती.

दोष फक्त समोरच्यांचा नाही. मीही वर्गात 'बातां कर रे' म्हणणाऱ्या पोरांना थांबवते आणि 'गुफ्तगू कर रहे हैं' असे म्हणायला लावते. घरच्या दखनीची लाज त्यांना माझ्यामुळे वाटू लागते. मग ती मुले इंग्रजीपुढे गप्प, मराठीपुढे गप्प आणि माझ्या पुस्तकी उर्दूपुढेही गप्प. तेराव्या शतकातला इंग्रज शेतकरी फ्रेंच न्यायालयात असाच उभा राहत असेल. त्याच्या नातवंडांनी ते दरबारी शब्द भीत भीत उचलले, वापरून वापरून झिजवले आणि आपले करून टाकले. आज कोणताही इंग्रज 'कॉन्व्हर्सेशन' म्हणताना आपण परक्याची भाषा बोलतो आहोत, असे मानत नाही.

संत एकनाथांचे (१५३३-१५९९) 'हिंदू-तुर्क संवाद' नावाचे एक भारूड आहे. दोघे एकमेकांच्या धर्मातली उणी काढतात, हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी गळाभेट घेतात. वाद, हुज्जत, तकरार, मुलाकात, सोहबत. बोलण्याच्या सगळ्या पायऱ्या त्या एका संवादात आहेत. भांडण झाले तरी दोघांपैकी कोणी उठून गेला नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा 'कॉन्व्हर्सेशन' लिहिले, त्याच्या शेजारी उर्दूत 'सोहबत' आणि खाली मराठीत 'सोबत'. कालची मुलगी उठली. "टीचर, सोबत तो मराठी है ना?"

"हो, मराठीच आहे," मी म्हटले, "आणि तुझाही आहे."